परकीय चालचलन

साहेब, तुमच्या कार्यालयाने मला माझ्याच घरात परका ठरवलं, आणि त्यासाठी तुम्हाला फक्त दोन अक्षरं पुरली. तुमचं नाव मला माहीत नाही. दारावर पाटी आहे, पण तिच्यापुढे कपाट लावून ठेवलंय. म्हणून नुसतं साहेब म्हणतो. त्यात आदर शोधू नका.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. बायको नर्स आहे. आठ महिन्यांपूर्वी तिला परदेशी नोकरी लागली, मुलीला घेऊन ती पुढे गेली. मी मागे राहिलो, कारण तिकडच्या सरकारची अट होती: नवऱ्याला यायचं असेल तर त्याने वर्षभराच्या खर्चाची बचत तिकडच्या चलनात, स्वतःच्या नावावर दाखवावी. रास्त आहे. मी मोटरसायकल विकली, रविवारच्याही तक्रारी घेतल्या, आणि सगळी पुंजी तिकडच्या चलनात बदलून बँकेत ठेवली. बँक म्हणाली, आता फक्त सरकारी दाखला आणा की सदर इसम परकीय चलन बाळगतो. मग सगळं सोडतो. 'इसम' म्हटलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी तुमचा दाखला आला. त्यावर छापलं होतं: 'सदर इसमाचे चालचलन परकीय आहे.'

मी तीन नंबरच्या खिडकीवर गेलो. आत गळ्यात चष्म्याची दोरी अडकवलेल्या बाई होत्या.

"ताई, चूक झालीय. चलन हवं होतं, चालचलन पडलंय."

बाईंनी कागद उजेडात धरला. "चूक कसली? शिक्का बसलाय की."

"शिक्का चुकीवर बसलाय."

"शिक्का बसला की ती चूक राहत नाही, दादा. नोंद होते."

"मग नोंद दुरुस्त करा."

"करू ना. चलन आणा."

"अहो, चलन बँकेत अडकलंय, तेच तर सोडवायचंय!"

"ते चलन नव्हे हो. फी भरल्याचं चलन. तीन प्रती. तळमजल्यावर मिळेल."

तळमजल्यावरच्या माणसाने माझा दाखला पाहिला आणि हातातलं पांढरं चलन परत खणात टाकलं. म्हणाला, तुम्हाला निळं लागेल, परकीयांसाठीचं. त्याची फी परकीय चलनातच भरायची.

"आहे ना तुमच्याकडे परकीय चलन?"

"आहे. पण दाखल्याशिवाय बँक हात लावू देत नाही."

"मग दाखला दाखवा."

"तो चुकलाय."

"मग आधी दुरुस्त करून घ्या ना," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच काळजी होती. माणूस वाईट नव्हता, साहेब. वाईट असता तर दोन शब्द सुनावून मोकळा तरी झालो असतो.

मी अर्ज टाकला. त्यावर तुम्ही काय केलंत? चूक दुरुस्त करायला नाही, चूक खरी आहे का ते बघायला तपासनीस घरी पाठवलात.

माझ्याकडे माझी आत्या राहते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. दार तिने उघडलं. तपासनीस बूट पुसत आत आला, वही उघडली आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

"दोन घड्याळं कशाला?"

"एक इथलं, एक तिकडचं," मी म्हणालो. "मुलगी शाळेत असताना फोन जाऊ नये म्हणून."

त्याने लिहिलं, 'वेळ परकीय पाळतो.'

"हा?" आत्या म्हणाली. "अहो, याने जन्मात कुठली वेळ पाळलीय? ते लिहा."

मग तो स्वयंपाकघरात शिरला. मी तिकडची भाषा शिकतोय, म्हणून डब्यांवर तिकडच्या शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. त्याने एक डबा उघडला, बोट बुडवून चाखलं.

"हे मीठ आहे."

"मीठच आहे."

'मीठ परकीय,' त्याने लिहिलं.

"मीठ कोपऱ्यावरच्या दुकानातलं आहे, चिठ्ठी फक्त तिकडची आहे!" मी ओरडलो.

"ओरडू नकोस रे," आत्या म्हणाली. "त्यांनी आपलं मीठ खाल्लंय. आता बघू, जागतात का."

तो जागला नाही. जाताना त्याने आत्याला विचारलं, "यांचं बोलणं कसं असतं? एकंदरीत?"

"तोंड वर करून," आत्या म्हणाली. तेही लिहिलं.

आठवड्याने अहवाल आला: 'प्रत्यक्ष पाहणीअंती चालचलन परकीय असल्याची खात्री पटली.' म्हणजे टायपिस्टचं बोट घसरलं होतं, त्यावर तुम्ही पुरावा बसवून दिलात. घोडा आणि गाढव एकच आहेत हे ठरवायला गाढवाला खरारा केलात.

तेव्हापासून आत्या मला पाहुणे म्हणते. "पाहुणे, उठा. नळाला पाणी आलंय. तुमच्या देशात येतं का एवढ्या सकाळी?" हसतो आम्ही. पण परवा भांडी लावता लावता ती पाठमोरीच म्हणाली, "आणि नाहीच सुटलं, तर राहशील ना रे इथेच?" मी हातातला ओला पेला पुसत राहिलो. मग तिने ताटं जरा जोरातच रचली. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही मला.

मुलगी गेली तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. आता फोनवर हसते तर दोन्ही आलेत, रुंद, करवतीसारखे. मला विचारते, "बाबा, तू का येत नाहीस?"

"कागद मिळत नाहीये गं."

"माझ्याकडे खूप कागद आहेत. रंगीत पण. पाठवू?"

सोमवारी तुमच्या इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये अडकली. फोन मलाच आला, ती लिफ्ट माझ्याच कंपनीकडे आहे. आत तुम्ही होतात. तुमचा आवाज मी पहिल्यांदा तिथे ऐकला, दाराच्या फटीतून.

"कोण आहे रे?"

"लिफ्टवाला."

"लवकर काढ."

"काढतो. साहेब, माझं एक काम अडलंय तुमच्याकडे..."

"आधी काढ, मग बोल!"

मी वर मशीनखोलीत गेलो, ब्रेक सैल केला, हाताने चाक फिरवत लिफ्ट मजल्याला आणली. वीस मिनिटं लागली. खुशाल दोन तास लावता आले असते. पण अडकलेल्या माणसाशी घासाघीस करायची नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. तुमच्या धंद्यात अडकलेल्या माणसाशीच करतात. मी खाली उतरेपर्यंत तुम्ही जेवायला निघून गेला होतात.

काम झाल्याची पावती मात्र मिळाली. ती मी जिन्यात वाचली. 'स्थानिक कारागीर. चालचलन समाधानकारक.' तोच गोल शिक्का. मी दोन-दोन पायऱ्या ओलांडत तीन नंबरवर गेलो.

"ताई, हे बघा! तुमच्याच ऑफिसने लिहून दिलंय, स्थानिक!"

बाईंनी चष्मा लावला, काढला. "हे आस्थापना विभागाचं आहे, दादा. त्यांच्याकडे तुम्ही इथले. आमच्याकडे तुम्ही तिकडचे."

"मी एकच माणूस आहे हो."

"ते तुम्ही म्हणता," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "साहेबांनाच लिहा. त्यांच्याशिवाय कोणी हात लावणार नाही."

म्हणून लिहितोय. माझ्या व्हिसाच्या अर्जाची मुदत सतरा तारखेला संपते. आज चौदा. सतरानंतर बचत सुटली काय आणि सडली काय, पुन्हा पहिल्यापासून अर्ज, आणि त्यापुढे दोन वर्षं वाट. तोवर मुलीचे बाकीचे दातही पडून येतील.

मी तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलोय. तुम्ही आत आहात, पंखा फिरताना दिसतोय. दोन्ही कागद या अर्जाला टाचलेत. दोन्ही तुमचे, शिक्का एक, आणि त्यातला एक खोटा आहे. कोणता? मी इथला असेन तर दाखला द्या, जातो. तिकडचा असेन तर हाकलून द्या, तरी जातो. माझं काही म्हणणं नाही, कुठलंही एक चालेल. पण 'विचाराधीन' लिहून परत पाठवू नका. सांगा, साहेब, मी कुठला? लेखी द्या, आज द्या.