त्या घरात काहीच बंद पडत नसे

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. कारखान्यात माझ्या पोटात मोटर बसली, पट्टा जोडला गेला आणि दुकानाच्या काचेआड मी वर्षभर वाट पाहिली. आकड्यांपलीकडचे मला कितपत कळते, याची मलाच शंका वाटते, तरी सांगतो.

मला आणले ते पंखे दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींसाठी. त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. 'बंद पडलाय' हे शब्द ऐकण्यातच त्यांचा जन्म गेलेला. पण आता धसका नको म्हणून त्यांच्या बायकोने तेच शब्द घरात वर्ज्य केले. पंखा थांबला की लेक म्हणे, "आई, पंखा झोपला." मग इस्त्री झोपली. भिंतीवरचे घड्याळ झोपले. झोपलेल्या वस्तू जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर जात. कुणी पाय वाजवत नसे.

मिस्त्रींनी झोप सोडली. भर दुपारी ते खुर्चीत ताठ बसत, डोळे सताड उघडे. दर पाच मिनिटांनी मला दंडावर बांधत. बंद दारावर कुणी हलकेच थापा माराव्यात, तशी त्यांची नाडी माझ्या पट्ट्याला लागे. आकडे चढत. "किती अचूक दाखवतो!" म्हणून सगळे माझे कौतुक करीत. मला मात्र वाटे, ही भीती मीच तर फुगवत नाही ना?

एका दुपारी माझा पडदा विझला.

"झोपला," लेक कुजबुजली.

मिस्त्री पांढरेफटक पडले. "मलाही असंच गुंडाळणार का गं?"

"अहो, काहीतरीच काय!" बायको ओरडली. "बंद पडलाय मेला! सेल संपलेत त्याचे."

शब्द तोंडातून निसटला.

"मग तसं म्हणा की!" मिस्त्रींचा आवाज फुटला. "तीन महिने आपलं झोपला, झोपला... डोळा मिटायची भीती वाटते मला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे डॉक्टरीणबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "हृदय सावरतंय, मिस्त्री. पण ही धास्ती लपवलीत कशाला? पुढची वर्षं चांगली जायची तर तिच्यावरही उपचार हवेत." मनाच्या डॉक्टरांकडे त्यांचे जाणे सुरू झाले.

आता मी दिवसातून एकदाच दंडावर चढतो. एरवी खणात पडून असतो. वाईट वाटते, नाही असे नाही. पण दुपारी आतून घोरणे ऐकू येते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी अशा आजारातून उठले असेल, तर आकडा जरूर बघा. मग शेजारी बसून "भीती वाटते का?" एवढेही विचारा. ते विचारायला माझ्याकडे बटण नाही.