गणवेशावरचं रक्त

त्या सकाळी दिस्पांसेरच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, पटांगणात सगळी वस्ती लोटली होती. नुव्हेल फ्रांस गावाच्या वर, चहाच्या मळ्यांपलीकडे, दिवस बराच वर आला तरी धुकं उठत नाही. त्या धुक्यात तुलसीराम महाराज परातीपुढं उभा होता. परातीत साबणाचं पाणी आणि त्यात नवी नर्स देवकी हिचा पांढरा गणवेश. महाराजानं तो दोन बोटांनी वर उचलला, तेव्हा बायकांनी पदर तोंडाशी नेला. खांद्यांपासून खाली लालभडक डाग फुटले होते. त्यांतून पाण्यात कालवल्यासारखं रक्त टपकत होतं.

"सत्यवतीबायचं रगत," महाराज म्हणाला. "ती म्हणते, माझ्या जागेवर दुसरी नको. माझ्या सुईला, माझ्या कपाटाला दुसरीचा हात नको."

मग त्यानं मंत्र पुटपुटत लिंबू पिळलं. डाग विरले आणि कापड पुन्हा पांढरंफेक झालं.

मेलेली सत्यवती महाराजाशीच बोलायची, आणि बोलायची तेही नेमकं त्याच्या सोयीचं. औषधांच्या कपाटावर तिचा फार राग. महाराजाच्या मुळ्या आणि ताइतांबद्दल मात्र तिची कधी तक्रार नसायची. पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. देवकीच्याही नाही. ती दाराशी भिंतीला टेकून उभी होती.

देवकी सूयाकची, समुद्राकाठी वाढलेली. शिक्षण संपवून आठवड्यापूर्वीच ती इथं आली होती. आल्या दिवशी महाराजानं दारातच तिचं स्वागत केलं. गंगा तलावाचं तीर्थ म्हणून कापराच्या वासाचं पाणी तिच्या अंगावर शिंपडलं, खाटेवर शिंपडायला एक बाटली भरून दिली आणि बजावलं, "पहिला गणवेश सगळ्यांच्या समोर धू, बाय. सत्यवतीचा कौल घ्यावा लागतो."

सत्यवती ही याच वस्तीची पोर, इथली पहिली नर्स. पंच्याहत्तर सालच्या सिक्लोनात, भर वादळात, एका बाळंतिणीचा निरोप आला म्हणून एकटी निघाली. सोबत चला म्हणून तिनं दारं ठोठावली होती. कुणी उघडलं नाही. वारा ओसरल्यावर ती फिलावच्या, म्हणजे सुरूच्या, मोडलेल्या झाडाखाली सापडली. ती दारं ठोठावल्याचा आवाज अजून ऐकू येतो, असं लोक दबक्या आवाजात सांगत. तेव्हापासून इथं कुणी टिकलं नव्हतं. एकीनं बदली मागून घेतली, दुसरी नोकरी सोडून इंग्लंडला गेली. दोघींच्याही गणवेशावर रक्त आलं होतं.

सत्यवतीची आई चंद्रिका रोज दिस्पांसेरच्या ओट्यावर येऊन बसायची. कुणाशी बोलायची नाही. आतल्या रिकाम्या खाटेकडे बघत राहायची आणि फिलावच्या झाडांतून वारा वाहू लागला की मान कलती करून ऐकायची. देवकीला महाराजापेक्षा त्या ऐकण्याचीच जास्त भीती वाटे.

त्या दुपारी इंद्राणी मिस आल्या. क्वात्र बॉर्नच्या, देवकीच्या शिक्षिका. आता खेड्यापाड्यांतल्या नर्सांची देखरेख त्यांच्याकडे होती. त्या चांगली बातमी घेऊन आल्या नव्हत्या. इथं कुणी राहतच नसेल तर दिस्पांसेर बंद करावा, असं वरच्या अधिकाऱ्यांत चाललं होतं. देवकीनं त्यांना सगळं सांगितलं आणि आपल्याला आजच खाली घेऊन चला अशी विनवणी केली.

इंद्राणी मिस तिला हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. वस्तीतल्या गजेंद्रची बायको विमला हिचे दिवस भरत आले आहेत ना, एवढंच त्यांनी विचारून घेतलं. विमलाचं पहिलं मूल महाराजाच्या मुळ्या उगाळून पाजण्यात गेलं होतं. मग त्या म्हणाल्या, "जायचं तर जा. मी अडवणार नाही. पण आधी सांग, डाग कुठं कुठं होते?"

देवकीनं डोळे मिटले. लाल झालेला गणवेश पुन्हा डोळ्यांपुढं आला. खांदे, छाती, घेर. आणि मधे, कमरेशी, एक कोरी पांढरी पट्टी.

"मिस, पट्ट्याखाली काहीच नव्हतं," ती सावकाश म्हणाली. "त्या दिवशी मी पट्टा बांधला होता. महाराज पाणी शिंपडत होते तेव्हा."

मग देवकीनं कोनाड्यातली तीर्थाची बाटली आणली. वाटीत थोडं ओतलं आणि त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला. वाटी लालभडक झाली. लिंबू पिळलं तशी ती निवळली. देवकीनं पुन्हा सोडा टाकला आणि पुन्हा ते रक्त आलं. मेलेलं माणूस असं हुकमासरशी येत-जात नाही, हे तिला कळलं तेव्हा आधी तिला रडू कोसळलं आणि मग राग आला.

"हे तुला शिकवलंय मी," इंद्राणी मिस म्हणाल्या. "पोटातलं आम्ल मोजताना."

देवकीला ते आठवलं. फिनॉल्फ्थॅलीन. जुलाबाच्या गोळीत असतं तेच. स्पिरिटमध्ये विरघळवलं की रंग नसतो. साबण किंवा सोडा लागला की लाल होतं, आंबट लागलं की रंग जातो. कापूर होता तो स्पिरिटचा वास झाकायला.

दुसऱ्या दिवशी वस्तीला पुन्हा बोलावलं. महाराजही आला, कारण नर्स निरोप घेणार असं त्यानं धरलं होतं. देवकीनं काही भाषण केलं नाही. कपाटातल्या जुलाबाच्या गोळ्या कुटून तिनं स्पिरिटमध्ये ढवळल्या, गाळून ते पाणी आपल्या कोऱ्या रुमालावर शिंपडलं आणि तो वाळवला. मग ती ओट्यावर गेली आणि रुमाल चंद्रिकाच्या हातात दिला.

"मावशी, तुम्हीच धुवा."

म्हातारीनं साबण चोळला. तिच्या बोटांमधून लाल पाणी ओघळलं. देवकीनं लिंबू पुढं केलं. तेही तिनंच पिळलं. पाणी निवळलं.

गजेंद्र पुढं सरकला. तो साखरेच्या उझीनमध्ये, कारखान्यात, कामाला होता. "उसाच्या रसात चुना किती पडला ते बघायला आमच्या लॅबमध्ये हेच थेंब टाकतात," तो म्हणाला. मग महाराजाकडं वळून त्यानं खालच्या आवाजात, काकाला हाक मारावी तसं विचारलं, "तोंतों, तुम्ही तिथंच बाटल्या विसळायला होता ना?"

महाराज म्हणाला की देवाची लीला नाना वाटांनी येते, श्रद्धा नसलेल्याला ती दिसत नाही, आणि आज तिथी बरी नाही. पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे चंद्रिकाकडे बघत होते.

ती ओल्या हातांनी बसून होती. "म्हंजे माजी पोर हितं नाय?"

देवकी तिच्या पायाशी बसली. "नाही, मावशी. ती कुणाला हाकलत नाही. तिनं कुणाला कधी हाकललंच नाही."

"मी रोज येत होते," चंद्रिका म्हणाली. "वाटायचा, रागावलीय तरी हाय."

महाराजानं पोरीचं भूत दिलं होतं आणि आई त्या भुताला धरून जगत होती. ते काढून घेतल्यावर उरलं ते साधं मरण, आणि त्या दिवशी न उघडलेली दारं. बायका एकेक करून ओट्यावर येऊन बसल्या. वादळात जिच्या दारावर सत्यवतीनं हाक मारली होती ती पुष्पा सगळ्यांत आधी आली आणि चंद्रिकाचे हात तिनं आपल्या पदरानं पुसले.

इंद्राणी मिसनी वरिष्ठांना जाऊन सांगितलं, की इथल्या नर्सा भुतानं पळवलेल्या नाहीत. आपण मुलींना सुई टोचायला शिकवतो आणि मग धुक्यातल्या खोलीत एकट्या सोडून देतो. भ्यायच्या वेळी बोलायला कुणी नसतं. तुलसीरामानं तेवढ्या फटीतून हात घातला. बरीच हुज्जत झाली, पण दिस्पांसेर चालू राहिला. तीच पुष्पा दायीपणाचं शिक्षण घेऊन देवकीच्या जोडीला आली. कुठंही बोलावणं आलं तरी नर्सनं एकटं जायचं नाही, सोबत त्या घरच्या माणसानं द्यायची, असं ठरलं. विमलाला मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेलं, पण दोघी वाचल्या.

देवकी तिथं पुढं बरीच वर्षं राहिली. वारा सुटला की फिलावची झाडं अजूनही कण्हतात, आणि नवखं माणूस दचकतं. तेव्हा ती सांगते: भीती वाटली तर लाजू नका, भीती कुणालाही वाटते. पण भीतीच्या वेळी जो तुमच्या अंगावर पाणी शिंपडतो त्याला विचारा, या बाटलीत काय आहे. विचारल्यानं देव कोपत नाही. न विचारल्यानं मात्र माणसं मरतात.