अक्रोडाचा केक

धाकटी पन्नाशीला टेकली होती, चष्म्याचा नंबर वाढला होता, जिना चढताना गुडघे बोलायला लागले होते. तरी घरात ती धाकटीच. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती कवळ्या करायची. मेणात एकेक दात बसवायचा, साच्यात गुलाबी हिरडी भरायची, मग घासूनपुसून ती अशी चकचकीत करायची, की पेशंट घरी जायचं विसरून आरशातच बघत बसायचा.

गेल्या वर्षी आईची कवळी तिनेच केली. नुसती केली नाही, मिरवली. कुणी दातांचा विषय काढायचा अवकाश, ही लगेच म्हणायची, "आमच्या आईचे बघा! खरे वाटतात की नाही?" मग आईला हसून दाखवावं लागे. आईही बिचारी हसायची, फोटोवाल्याने सांगितल्यासारखी.

तर आईच्या वाढदिवसाचा केक यंदा आपण करायचा, असं धाकटीने जाहीर केलं.

"अगं, बेकरीतून आणू की," दादा म्हणाला.

"बेकरीतला म्हणजे नुसता साबणाचा फेस. आईला माझ्या हातचा देणार मी."

इथपर्यंत सगळं प्रेमच होतं, खोटं कशाला बोला. सुट्टीच्या दुपारी तिने लोणी-साखर फेटायला घेतली, दंड भरून आला तरी थांबली नाही. मैदा चाळला, अंडी घातली, मिश्रण कसं हलकं, फुलल्यासारखं झालं. आणि सगळं जमून आल्यावर डोक्यात किडा वळवळला. मऊ केक काय, बोळक्या तोंडाचं माणूसही खाईल. अक्रोड चावून दाखवला, की कवळी कशी आहे हे वेगळं सांगायला नको! शिवाय संध्याकाळी दादाच्या शेजारच्या काकू येणार होत्या. त्यांचे खालचे दात हलायला लागले होते आणि कुणाकडे जावं, हे त्यांचं ठरत नव्हतं. धाकटीने वाटीभर अक्रोड फोडले आणि तुकडे मुद्दाम मोठे ठेवले.

केक झाला मात्र देखणा. मधोमध टम्म फुगलेला, कडा बदामी, वास असा की खालच्या मजल्यावरच्या बाई "काय चाललंय?" म्हणून वर येऊन गेल्या. ऊब जाऊ नये म्हणून धाकटीने डबा शालीत गुंडाळला आणि मांडीवर लेकरासारखा धरून दादाच्या घरी नेला.

आईने केक पाहिला. "माझ्यासाठी केलास? एवढा खटाटोप?" असं म्हणत ती धाकटीचा दंड चोळू लागली. केक कापला. पहिला तुकडा धाकटीने आईच्या तोंडाशी नेला.

"अक्रोड घातलेत गं. बिनधास्त चाव."

आईने वहिनीकडे एकदा पाहिलं. वहिनीने बशा नीट लावायला घेतल्या. त्या आधीच नीट होत्या.

आई खाऊ लागली. तिचा जबडा वरखाली होण्याऐवजी आडवाच हलत होता, जीभ काहीतरी गालाकडे सारत होती. दुसऱ्या कुणाचं तोंड असतं, तर धाकटीने जागच्या जागी ओळखलं असतं. पण ती काकूंकडे बघत होती.

"बघताय ना, काकू? अक्रोड! आहे काही त्रास?"

"अगं, त्यांच्या डोळ्यांना पाणी आलंय."

"आनंदाचं आहे ते," धाकटी म्हणाली.

आईने कागदी रुमाल तोंडाला लावला आणि पटकन मुठीत चुरगळला. तरी त्यावरचा लालसर डाग काही लपला नाही.

"आई, पुरे झालं!" वहिनीच्या हातातली बशी टेबलावर आपटलीच. "काढा ती आधी. रोज काढून ठेवताच की, आज हिच्यासाठी कशाला जिवाला त्रास..." आणि तिने जीभ चावली.

"कुणाला अजून देऊ?" दादा सुरी घेऊन उभा राहिला. कुणालाच नको होता.

"रोज काढून ठेवते म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"जाऊ दे ना," वहिनी पुटपुटली.

"वहिनी, सांग."

"तुझी बेल वाजली की घालतात," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "तू चपला काढून आत येईपर्यंत घालून होते. तू गेलीस की काढतात. जेवायला तर कधीच नाही. मी सगळं मऊच करते."

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभर धाकटी दारात पाऊल टाकत होती आणि आत एक नाटक उभं राहत होतं, तिच्या एकटीसाठी. तिचे कान तापले. हात कुठे ठेवावेत ते कळेना.

काकू पदर सावरत उठल्या. "येते गं. केक छान हो." दारापर्यंत जाऊन त्यांना राहवलं नाही. "माझे हलतायत तेच बरे, बाई."

आई तिच्या खोलीत जाऊन पलंगावर बसली होती. तोंड मिटलेलं, गाल आत गेलेले. अचानक किती म्हातारी दिसत होती. धाकटी दारातच घुटमळली.

"रागावलीस?" आईने विचारलं.

हे ऐकून तर धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पुढे आली, आईची हनुवटी धरली. "आ कर."

खालच्या हिरडीवर डाव्या बाजूला जखम होती. कडा पांढरट, जाड झालेल्या. आजची नव्हे, मुरलेली. दवाखान्यातल्या कुठल्याही परक्या माणसाला ती आल्या आल्या विचारायची, कुठे टोचतंय? आईला तिने एवढंच विचारलं होतं, "छान बसलीय ना?" असं विचारल्यावर आई दुसरं काय म्हणणार?

"बोलली का नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस," आई बोबडी बोलली. "आणि हसण्यापुरती चालते की."

दुसऱ्या दिवशी धाकटी आईला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून तोंडात पाहिलं. "किती दिवस झाले याला?"

"वर्ष," धाकटी म्हणाली.

"कवळी कुणी केलीय?"

"मीच."

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी बंद केली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी औषध लावलं, जखम भरेपर्यंत कवळी घालायची नाही असं बजावलं आणि पुन्हा यायला सांगितलं. जखम भरल्यावर आई पुन्हा त्या खुर्चीत बसली आणि धाकटी समोर स्टूल ओढून बसली.

"कुठे टोचतंय?"

"नाही गं. बरी आहे आता."

"आई."

आईने गालावर बोट ठेवलं. "इथं."

धाकटीने कवळी मशीनवर धरली, थोडी घासली, धुऊन परत दिली. "आता?"

"आता इथं. आणि वरची बोलताना खाली येते. आणि चहा गरम की गार तेच कळत नाही." आईने तिच्याकडे चोरून पाहिलं. "आणि तुझा तो केक..."

"काय त्याचं?"

"गोड जरा जास्तच झाला होता."

धाकटीला मान वर करवेना. गुलाबी भुशाने माखलेली बोटं तिने एप्रनला पुसली.

"अजून सांग," ती म्हणाली.

आई खुर्चीत सैलावून मागे टेकली आणि सांगू लागली.