आज घेऊ नका

"मावशी, ही तूच ना?"

वॉचमनने गेटच्या भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवलं. मथुराच्या डोक्यावर पाटी होती, आणि डोक्यावर पाटी असलेल्या बाईला मान वळवायची सोय नसते. तिने नुसते डोळे फिरवले. तेवढ्यात जे दिसलं ते पुरेसं होतं. तिने पाटी उतरवली, पदराने कपाळ पुसलं आणि कागदासमोर जाऊन उभी राहिली.

कागदावर तिचा फोटो होता. शेजारी तिचा नवरा धर्मा, होडीच्या नाळीला, म्हणजे पुढच्या टोकाला, टेकून, दोन्ही हातांत पापलेटं धरून हसणारा. खाली लाल अक्षरं. मथुरा चौथी शिकलेली. अक्षरं जोडायला तिला वेळ लागला, पण घाई कुणाला होती?

'सावधान. ही बाई मोबाईलवर ऑर्डर घेऊन फसवते. हिला आत सोडू नये. आदेशावरून, सेक्रेटरी.'

"धर्माला कशाला लावलाय?" तिने विचारलं.

"काय?"

"मी फसवते ना? मग माझा लावा. तो चार वर्षांपूर्वी गेला. त्याने काय केलंय तुमचं?"

वॉचमन म्हणजे दर फेरीला तिच्याकडून मूठभर करंदी फुकट नेणारा माणूस. तो म्हणाला, "मला वरून सांगितलंय मावशी. तू आत गेलीस तर माझी नोकरी जाईल."

चारकोपच्या या सेक्टरमध्ये मथुरा तीस वर्षं येत होती. चाळवजा घरांच्या जागी लिफ्टवाल्या इमारती झाल्या, सुना सासवा झाल्या, पण बुधवार, शुक्रवार, रविवार सकाळी गोराईच्या खाडीतून फेरीबोटीने पलीकडे येऊन पाटी घेऊन दारात उभी राहणारी मथुरा तीच होती. आज पहिल्यांदा तिला कुणीतरी ती कोण म्हणून विचारलं होतं.

पहिल्या मजल्यावरच्या कुंदाताई राणे गॅलरीतून डोकावल्या आणि खाली आल्या. त्या मूळच्या मालवणकडच्या. सासरा गिरणीत होता, नवरा बँकेत चिकटला. एरवी पाटीवरचा कपडा सरकायच्या आधीच 'काय आणलंस गो' म्हणून विचारणारी बाई आज हाताची घडी घालून उभी राहिली.

"गो मथुरा, तीस वर्सां तुज्यार विश्वास ठेवलंय."

"कुंदाताय, मी काय केलं ते तरी सांगा."

"काय केलंस? बुधवारी जावय येणार होतो. लग्नानंतर पयल्यांदाच. तुज्या त्या पेजावर सुरमई सांगितलंय, पैशे आगाऊ पाठवलंय. अकरा वाजले, बारा वाजले, तुझो पत्तो नाय. शेवटी जावयाक मसुराची आमटी वाढलंय. मसुराची! त्याची आवस, आमची विहीण, आता गावभर सांगतली."

"मी ऑर्डर घेतलीच नाय. बुधवारी मी घरातून बाहेर पडली नाय."

"तीच तर बोंब मारतंय मी. माका एकटीक नाय हां, आणखी चार घरांक."

मथुराने पाटी उचलली. वॉचमनने नेहमीसारखा हात लावला. कुंदाताई तेवढ्या वेळात दुसरीकडे बघत होत्या. पाटीतल्या मांदेलीचा वास त्यांना आला असणार, कारण जाताना त्यांनी एकदा तोंडातलं पाणी गिळलं.

*

पेजची कल्पना ऋतिकाची. ऋतिका मथुराच्या भावाची मुलगी, बोरिवलीला एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. धर्मा गेला, होडी त्याच्या चुलतभावाकडे, धाकूकडे गेली, आणि मथुराचा उजवा गुडघा दारोदार हिंडायचं नाही म्हणू लागला, तेव्हा ऋतिकाने फोनवर 'मथुराआत्या मासळीवाली' असं पेज काढून दिलं. सकाळी धाकूची होडी लागली की फोटो टाकायचा. लोक खाली लिहायचे, अर्धा किलो, एक किलो. तेवढंच उचलायचं, तेवढीच दारं फिरायची. मथुरा अकराला घरी परतायला लागली. गुडघ्याने आभार मानले.

आणि नुसता गुडघाच नाही. वीस वर्षांपूर्वी चारकोप सोडून मस्कतला गेलेल्या एका बाईने फोटोखाली लिहिलं, 'मथुरा, तू अजून तशीच आहेस गं.' ते वाचून दाखवल्यावर मथुरा दिवसभर आरशात बघत होती. तिला कुणीतरी इतक्या लांबून ओळखलं होतं.

फोटोही तिनेच निवडला होता. धर्मा हसलेला तेवढा एकच फोटो होता. बाकी सगळ्यांत तो आधार कार्डावरच्यासारखा गंभीर.

गोराईला घरी येऊन तिने ऋतिकाला फोनवर सगळं सांगितलं. ऋतिका संध्याकाळी थेट तिच्याकडे आली. दोघी ओटीवर बसल्या. ऋतिकाने शोधलं, आणि तिचा चेहराच उतरला.

"आत्ये, हे बघ. तुझंच नाव. तुझाच फोटो. पण हे पेज मी नाय काढलं."

"आणि आपलं?"

"आपलं दिसतच नाय." तिने मेल उघडला, दोनदा वाचला. "त्या चोराने तक्रार केली की आपलं पेज नकली आहे. कंपनीने आपलं बंद केलं."

"म्हणजे आता ती खरी, आणि मी खोटी?"

"हे बघ, आत्ता तुझं ओळखपत्र पाठवलं, तर लगेच उत्तर आलं. ते म्हणतात, कार्डावर मथुरा धर्मा कोळी, पेजवर मथुराआत्या मासळीवाली. नाव जुळत नाय."

"जुळत नाय कसं? दोन्ही मीच हाय."

"तुला माहीत आहे. मशीनला नाय माहीत."

जुने मेसेज मागे नेता नेता ऋतिका एके ठिकाणी थांबली. गणपतीच्या आधीपासून 'सुयोग' नावाच्या एका माणसाशी मथुरा तीन आठवडे बोलत होती. फोनवर लिहिता येत नाही म्हणून माइकचं बटण दाबून बोललेली. मावशी, मासळी कुठून येते? कुठल्या सेक्टरला जाता? कुठल्या घरी काय लागतं? मावशींनी सगळं सांगितलं होतं. होडीचं नाव. कुंदाताईंना सुरमई आवडते. बर्वेबाई लपून खातात. धर्मा कसा गेला, तेसुद्धा.

"आत्ये, अनोळखी माणसाला एवढं सांगतात?"

"त्याने विचारलं तर नाय कसं सांगू? गिऱ्हाईक हाय ना तो." मग जरा थांबून, "आणि धर्माबद्दल कोण विचारतं गं आजकाल?"

ऋतिकाने ते मेसेज पोलिसांना दाखवायला जपून ठेवले.

दुसऱ्या दिवशी दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. तिथल्या कॉन्स्टेबल बाईने नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहिली, कागद हातात दिला. म्हणाली, "मावशी, आम्ही मागे लागतो. पण असली माणसं कुठे बसलेली असतात कळत नाही. वेळ लागेल. तोवर तुमच्या गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगा."

धाकूचं मत वेगळं होतं. जाळं विणता विणता तो म्हणाला, "वयनी, पाच घरांचे पैसे टाक त्यांच्या तोंडावर आणि संपव. किती असतील?"

"किती असतील तो प्रश्नच नाय, भावजी. मी दिले तर मी घेतले असं होईल."

"मग काय करशील?"

"बघते."

मथुराचं 'बघते' धाकूला माहीत होतं. धर्मा गेल्यावर सगळे म्हणाले, आता पाटी सोड, भावाकडे राहा. तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती.

*

त्या रात्री जेवताना तिने ऋतिकाला त्या चोराचे शब्द पुन्हा वाचायला लावले. ऋतिकाने कंटाळून वाचलं. "बुधवारची खास ऑफर. आज पहाटेची ताजी सुरमई आणि बोंबील, आमच्याच डोलीतली."

मथुराचा घास हातातच राहिला. "परत वाच."

ऋतिकाने वाचलं.

"डोलीतली सुरमई," मथुरा म्हणाली आणि हसायला लागली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "अगं, डोल म्हणजे खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभं लावलेलं जाळं. त्यात बोंबील येतील, करंदी येईल. सुरमई काय डोलीत येऊन बसते? ती गळाची मासळी."

"पण हे चारकोपच्या बायकांना कसं कळणार?"

"ते नाय कळणार." मथुरा उठली, उष्टा हात तसाच, आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागली. त्यावर काही तारखांना पेनाने गोल केलेले होते. ही सवय धर्माची. तो गेल्यावरही दर महिन्याला ती गोल करायची. बुधवारच्या तारखेभोवती गोल होता. अष्टमी.

"भांग," ती म्हणाली.

भांग म्हणजे महिन्यातले ते दिवस, जेव्हा भरती-ओहोटीत जोर नसतो. पाणी नुसतं पडून राहतं. डोल लावून उपयोग नाही, जाळं लोंबतं. अष्टमी-नवमीला गोराईच्या डोलीवाल्यांची होडी निघत नाही. पेज नव्हतं तोवर त्या दिवसांत मथुरा चारकोपला जाऊन दारोदार काय सांगायची? सुकट घ्या, ताजं आज घेऊ नका. कुठल्या बर्फातलं असेल सांगता येत नाही.

"ऋतिका, आपल्या पेजवर आपण भांगाच्या दिवशी काय टाकायचो?"

ऋतिका ओशाळली. "काहीच नाय. तू म्हणायचीस, 'आज घेऊ नका' असं टाक. मीच नाय टाकलं. म्हटलं, धंद्याच्या पेजवर असं कोण लिहितं? लाइक पण नसते पडले."

"म्हणून त्या मेल्याला नाय कळलं," मथुरा म्हणाली. "मी काय विकते ते त्याने सगळं विचारलं. कधी नाय विकत, ते नाय विचारलं."

*

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात कमिटीची बैठक होती. मथुरा पाटीशिवाय आली, काखेत कॅलेंडर गुंडाळून. वॉचमन म्हणाला, "मावशी..." ती म्हणाली, "तू मला बघितलंच नाहीस," आणि आत गेली. तो खरंच दुसरीकडे बघू लागला.

सेक्रेटरी नितेश परब अजून तिशी न गाठलेला. त्याच्या बारशाला मथुराने पापलेटं दिली होती, पण ते काढायची ही वेळ नव्हती.

"मावशी, तुम्ही पोलिसांचा कागद आणलात ते बरं झालं. पण कागद काय, कुणीही तक्रार देऊ शकतं. ते पेज तुमचं नाही याला पुरावा काय?"

मथुराने टेबलावर कॅलेंडर पसरलं. कोपरे वळत होते, ऋतिकाने ते दाबून धरले.

"हा पुरावा?" नितेश हसला. "हे तर आमच्याकडे पण आहे."

"तुमच्याकडे गोल नाय." तिने बुधवारवर बोट ठेवलं. मग ती नितेशकडे न बघता, मागे खुर्च्यांवर बसलेल्या बायकांकडे वळली. "मी काय जास्त नाय बोलणार. एकच विचारते. त्या दिवशी अष्टमी होती. तीस वर्षांत अष्टमीला मी कुणाच्या घरात ताजे बोंबील दिलेत? एकीने तरी हात वर करावा. मी पाची घरांचे पैसे आत्ता देते आणि परत इथे दिसणार नाय."

एकही हात वर गेला नाही. बर्वेबाई, ज्या मासे खातच नव्हत्या, त्यांनी चटकन खाली बघितलं.

कुंदाताई उठल्या. उठायला त्यांना वेळ लागला, कारण त्यांना आधी स्वतःशी भांडायचं होतं.

"नाय गो," त्या म्हणाल्या. "कधीच नाय. लिफ्ट नव्हती तेव्हा चार चार माळे चढायचंस आणि 'आज घेऊ नका' सांगान खाली जायचंस. माझो घोव म्हणायचो, ही बाय धंदो करता की देवधर्म?" मग नितेशकडे वळून, "आणि रे, त्या पेजावर मी सुरमई मागितलंय तेव्हा त्याना एका मिनटात 'हो' म्हटल्यान. तेव्हाच माका कळाक होया होता. ही एका मिनटात 'हो' कधी म्हणाली?"

कुणीतरी हसलं. मग दोघी-तिघी.

नितेशने कागद काढायला वॉचमनला हाक मारली. मथुरा त्याच्या आधी गेटपाशी पोचली.

"फाडू नको," ती म्हणाली. "मी काढते."

नखाने तिने सेलोटेपचं एकेक टोक सोडवलं. ज्या बोटांनी करंदी सोलायची सवय, त्यांना हे काय अवघड. लाल अक्षरं मागे दुमडली. वर फक्त फोटो राहील अशी घडी करून तिने कमरेच्या पिशवीत ठेवली.

*

पुढच्या पंधरवड्यात पुन्हा अष्टमी आली. गोराईच्या जेट्टीवर सकाळी पाणी मुर्दाड पडलं होतं. धाकूची होडी चिखलात कलंडून निजली होती.

नवीन पेज निघालं होतं. या वेळी कार्डावरच्याच नावाने, मथुरा धर्मा कोळी. वर फोटो कुणाचाच नव्हता. ऋतिका फोन धरून उभी राहिली. "हसणार?"

"नाय."

मथुराने रिकामी पाटी पुढे धरली, तळ दिसेल अशी. "आज अष्टमी. भांग हाय. मासळी नाय. माझ्या नावाने कुणी ताजी म्हणून दिली तर घेऊ नका. मी पण नाय विकत. परवा बघू."

ऋतिकाने ते टाकलं. मिनिटभरात कुंदाताईंचं उत्तर आलं. 'बरा. अंडी करतंय.' मग दुसरं, तिसरं. बर्वेबाईंनी नुसताच अंगठा पाठवला, नाव न लिहिता.

"बघ," ऋतिका म्हणाली. "लाइक पडले."

"ते दुसरं दाखव," मथुरा म्हणाली.

"कशाला आत्ये? पोलीस म्हणाले ना, वेळ लागेल."

"दाखव."

ऋतिकाने दाखवलं. ते पेज अजून चालूच होतं. होडीच्या नाळीला टेकून धर्मा दोन्ही हातांत पापलेटं धरून हसत होता, आणि खाली लिहिलं होतं, 'आज पहाटेची ताजी'.

मथुराने पदराच्या टोकाने काच पुसली. काचेवर काही नव्हतं.

"त्याला तरी माहीत असायला पाहिजे होतं," ती म्हणाली, "आज भांग हाय."

मग तिने पाटी डोक्यावर घेतली आणि घराकडे निघाली. पाटी रिकामी होती, तरी वाटभर तिने मान हलवली नाही.