बोंबलांची जागा

पोटात जुळी आहेत हे कळलं तेव्हा विनेशने पेढे वाटले. मी मात्र घराच्या चारी भिंतींकडे पाहत बसले. थळच्या कोळीवाड्यातलं आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकापुरता कोपरा. त्यात मी, विनेश, आमची सात वर्षांची पूर्वी आणि माझ्या सासूबाई जनीआई. सगळे एकदम आडवे झालो की दार उघडत नाही, म्हणून विनेश हल्ली होडीवरच झोपतो. लोक म्हणतात, काय मेहनती नवरा मिळालाय! मेहनती कसला, त्याला पाय पसरायला जागा हवी असते. समुद्र दाराशी, त्यामुळे वर मजला चढवायला परवानगी नाही.

आठवा लागला तरी मोठ्या घराचं घोंगडं भिजतच पडलं होतं, आणि त्याचं कारण आमच्या अंगणात उभं होतं. आईंचे बांबू. त्यांना दोऱ्या बांधायच्या, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि त्या जोड्या दोरीवर वाळत टाकायच्या. त्या जागेला सातबारा नाही की कसला कागद नाही. आमच्याकडे रीत एकच, ज्याचे बांबू उभे त्याची जागा. बांबू उपटले की जागा सोडली, मागून रडून उपयोग नाही. नवी नवरी असताना आईंनी पहिला बांबू रोवला. तेव्हापासून भर पावसाळ्यातही त्यांनी ते कधी काढले नाहीत.

"तुमी जावा मोठ्या घरात," त्या म्हणायच्या. "मी हितंच ऱ्हाते. माजं बांबू हायत."

पण गुडघे धरून चालणाऱ्या बाईला एकटं टाकून जायचं कसं? गेल्या आठवड्यात पूर्वी खाटेखाली घुसून अभ्यास करत होती, उठताना तिचं डोकं आपटलं, आणि माझा तोल सुटला.

"तुमच्या बोंबलांना ऊन खायला जागा हाय, माज्या पोरांना पडायला न्हाय!" मी ओरडले.

आई बोंबील पलटत राहिल्या.

जागा एकच हाती लागली होती, अलिबागला, तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्याआधी जिथे जिथे गेलो तिथे आम्ही कोळी म्हटल्यावर मालकांना जागा आधीच गेल्याचं आठवायचं. हा मालक मात्र म्हणाला, "या तुम्ही, जागा तुमचीच." मी विनेशला म्हटलं, लगेच बयाणा देऊन टाक.

"शब्द दिलाय ना त्यानी," तो म्हणाला.

बंदरावर लिलावात ज्याला एकदा शब्द गेला, माल त्याचा, मग मागून कुणी कितीही वाढवून देवो. माझ्या भोळ्या नवऱ्याला वाटलं, सगळं जग बंदरासारखंच चालतं.

आज सकाळी बयाणा घेऊन निघालो तेव्हा आई म्हणाल्या, "पक्कं करूनच या." मला नवल वाटलं.

मालक फाटकातच भेटला. आमच्याकडे न बघता म्हणाला, "मुंबईची पार्टी आली हो. त्यांना सुट्टीत येऊन राहायला हवी होती."

"पण तुमी शब्द दिलावता," विनेश म्हणाला.

"अहो, बोलणं वेगळं, व्यवहार वेगळा."

मी तिथेच पायरीवर बसले. शनिवार-रविवारची माणसं ती. बाकी आठवडाभर माझ्या पोरांच्या खोल्यांना कुलूप राहणार.

परतताना रिक्षात मी रडून घेतलं आणि मग एकदम सुचलं. आईंनी अंगणातली निम्मी जागा दिली तर तिथे पत्र्याची पडवी काढू. निम्मे बांबू त्यांचे, निम्मी जागा पोरांची. त्यांचे पाय धरीन, पण मिळवीन. विनेशला सांगितलं तर तोही कितीतरी दिवसांनी हसला.

अंगणात पाय ठेवला, तर आईंचे बांबू मोळी बांधून भिंतीला टेकवलेले होते. त्यांच्या खड्ड्यांत शेजारच्या गोदूचे बांबू उभे होते आणि तिचे बोंबील वाळतही होते. गोदूला काय बोलणार? रीतच तशी.

आई उंबऱ्यावर बसल्या होत्या. हात मातीने भरलेले आणि हाताला काही काम नाही. मी त्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं.

"मीच हाक मारली गोदूला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, लगेच रोव तुजं. न्हायतर माजा जीव पुन्हा अडकंल. तुजं खरं होतं पोरी. झालं ना पक्कं?"

विनेशने तोंड समुद्राकडे फिरवलं. मला हंबरडा फोडावासा वाटत होता. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि या बाईने तर आपलं सगळं आयुष्य उपटून भिंतीला टेकवलं होतं. कुठल्या तोंडाने सांगू?

"झालं," मी म्हणाले.

"माजी खाट कुटं लावशील?"

"खिडकीपाशी."

"खिडकीतून काय दिसतं?"

आईंच्या मागे गोदूचे बोंबील वाऱ्यावर हलत होते.

"दिवसभर ऊन येतं, आई."

त्या हसल्या. "मंग चार बोंबील घालीन तितं," म्हणाल्या, आणि मोळी सोडून त्यातला एक चांगला बांबू नव्या घरासाठी निवडू लागल्या.