मुखरूभाऊच्या कोब्याची ग्यारंटी

ग्यारंटी म्हणजे काय असते, ते मले विचारा. लोकाईले वाटते, वस्तू मोडली का करणारा येऊन फुकट नवीन करून देते, म्हणजे मोठी मजा आहे. हो, आहे ना मजा! त्या मजेत मी पिसून निघाली, म्हून सांगून राह्यली.

आपला चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या साली माह्या सासऱ्यानं, मुखरूभाऊनं, सैपाकखोलीत शिमिटाचा कोबा करून घेतला. शेणानं सारवलेली भुई चांगली होती, कोणाचं काई अडलं नव्हतं. पण मामाजी, म्हणजे हे सासरेच, बांबूच्या कामानं डाकबंगल्यात गेले अन् तिथला लाल कोबा पाहून आले. झालं! बुढा धड जेवेना. "रेंजर लाल भुईवर जेवते, अन् म्या काऊन शेणावर जेवाव?" म्हणे. आता रेंजर टेबलावर जेवते, हे त्याईले कोण सांगणार?

चांद्याहून बशीर मिस्त्री आला. डाकबंगल्याचा कोबा त्यानंच केला होता. उंच, वाळका माणूस, बोलणं मोठं गोड. शिमिटाच्या गोण्या बैलगाडीतून आल्या अन् त्याच्यावर मामाजी नवरदेवावाणी बसून आले. मिस्त्रीनं सैपाकखोलीतलं उखळ उपटून गोठ्यात पुरलं, चूल खिडकीखाली सरकवली, अन् कोबा घातला. खोटं कायले बोलू, दिसे झकास. लालबुंद, थंडगार, गुळगुळीत.

काम झाल्यावर साऱ्या गावासमोर बशीर मिस्त्रीनं जबान दिली. "मुखरूभाऊ, दहा सालची ग्यारंटी. तडा गेला, तं हा बशीर येऊन फुकट करून देईन. फक्त कोब्यावर कुटाव नाई, काई फोडाव नाई, पाणी साचू देऊ नाई. ते झालं, तं माही जबान खतम."

मामाजीनं घरातल्या बायांकडे पाह्यलं. बाया दोनच. एक माही सासू गुणाबाई, अन् एक मी. सासूचा जन्म कुटण्या-फोडण्यात गेलेला. मोहाच्या टोऱ्या, म्हणजे बिया, दिसल्या का तिले दगड सापडलाच पाह्यजे; तेलासाठी टोऱ्या फोडणं म्हणजे तिचा श्वास. मामाजीनं बोट माह्याकडे केलं. "सुनबाई, कोबा तुह्या हवाली."

बस, त्या दिवशी मी अडकली.

धान कांडाले गोठ्यात, मिरची कुटाले गोठ्यात, पावसात गोणपाट डोक्यावर घेऊन बैलाच्या शेपटीचा मार खात गोठ्यात. सैपाक झाला का कोबा ओल्या फडक्यानं पुसा, मंग कोरड्या फडक्यानं पुसा. भांडं ओढू नका, उचला. थंडीत त्याच्यावर बसून माहे गुडघे लाकडावाणी होत. अन् पाव्हणे! आगगाडी पाह्याले यावं तसे लोकं कोबा पाह्याले येत. चपला बाहेर काढत, पाय टेकवत, अन् म्हणत, "मुखरूभाऊ, तुमचं नशीब मोठं." मामाजी मिशीवर हात फिरवत, "दहा सालची ग्यारंटी आहे," म्हणत. पुसणारीच्या नशिबाचं कोणी इचारलं नाई.

हेही सारं म्या चालवून घेतलं असतं. पण माहं माहेर सिरोंच्याकडे, गोदावरीच्या काठी. तिकडे जाणं म्हणजे बैलगाडी, मंग मोटार, मंग परत बैलगाडी. गेलं का महिना धरा. अन् तिथी घरात माय एकटी. माय तिकडली, तेलुगूत बोले, मले बिड्डा म्हणे, म्हणजे लेकरू.

लटारू गाडीवान तिकडून येजा करे. त्यानं एका उन्हाळ्यात निरोप आणला. "सुगंधाबाई, तुमच्या मायचा एक डोळा गेला. दुसऱ्यातही अंधार येऊन राह्यला. म्हणते, बिड्डाले सांग, दिसते तवर ये. एकडाव तोंड पाहू दे, मंग अंधार आला तं आला."

मी तशीच ओल्या हातानं मामाजीसमोर गेली. "मामाजी, मले जाऊ द्या."

"जाय ना," मामाजी म्हणाले, "पण कोबा कोण पाहीन?"

"सासूबाई आहेत."

"गुणाबाई?" मामाजी असे हसले का हुक्का बाजूले ठेवा लागला. "तू वेशीबाहेर गेली का ते त्याच्यावर टोऱ्या फोडाले बसलीच समज. ग्यारंटी बुडवतं का?"

सासू ओसरीतून ओरडली, "फोडीन! भुई हाये का देव हाये?" तिनं बिचारीनं माह्या बाजूनं म्हटलं, पण माहं काम तिथंच बिघडलं.

आमच्या घरचे म्हणजे सोमाजी. आता मी बुढी झाली, नाव घेतलं तं काय होते. ते खाली मान घालून म्हणाले, "बापाले म्या काय म्हणू? पुढच्या साली जाजो." पुढच्या साली पुन्हा तेच. कोबा जपलाच पाह्यजे, अन् जपणारी मीच. रागानं वाटे, मुसळ आणाव अन् एकच घालाव. एकडाव आणलंही. पण घरची वस्तू हातानं फोडाले जीव धजला नाई, म्या मुसळ परत नेलं.

तिसरा पावसाळा सरला. एका सकाळी पुसता पुसता बोटाले खरखर लागलं. कोब्याच्या मधोमध केसावाणी तडा. दिवाळी येईस्तोवर त्यात माहं नख जाऊ लागलं, अन् एक बाजू खाली बसली. पह्यले तं म्या त्याच्यावर फडकं टाकून तो झाकला. मंग मनात आलं, बरं झालं रे देवा! मेला कोबा!

मामाजी मात्र डगमगले नाईत. "ग्यारंटी आहे," म्हणाले अन् चांद्याले माणूस धाडला.

बशीर मिस्त्री यायच्या आदल्या दिवशी लटारू आला. दारातच उभा राह्यला, पाणीही मागितलं नाई. "बाई, आता मायले फक्त सावली दिसते. माणूस जवळ गेला का तोंड चाचपते. लवकर निघा." त्या दिवशी माह्या हातून भाकर तव्यावर करपली अन् मले कळलंही नाई.

दुसऱ्या दिवशी सैपाकखोलीत गाव जमलं. मिस्त्रीनं तडा पाह्यला, मामाजीकडे पाह्यलं. "मुखरूभाऊ, जबान दिली ते दिली. पण मले इचाराव लागीन. कोब्यावर कोणी कुटलं का?"

"माह्या सुनेनं फुलावाणी जपला," मामाजी म्हणाले. "इचारा तिले."

सारे माह्याकडे पाहून राह्यले. अन् माह्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्या हो म्हटलं, तं ग्यारंटी खतम. ग्यारंटी नाई, तं राखण नाई. अन् बुढा तापट! रागाच्या भरात सुनेले कुठी हाकलते? मायच्या घरी!

"हो," म्या म्हटलं. "म्या कुटलं. मुसळानं. धानही कांडलं अन् मिरचीही कुटली."

सासूनं तोंडाले पदर लावला. मामाजीचं तोंड कोब्याहून लाल झालं. "अवो, तीन साल मले सांगत होती का जपून राह्यली! गावासमोर माही अब्रू घालवली! सोमा, गाडी जुंप! घाल इले इच्या मायच्या दारात! माह्या डोळ्यासमोर नोको!"

माय वो, काय सांगू! लोकं हळहळत होते अन् मले हसू दाबता दाबता नाकी नऊ आले. दोन लुगडे गाठोड्यात बांधले, मायसाठी मोहफुलं घेतले, थोडा गूळ घेतला. आंगणात गाडी जुंपल्याचा आवाज आला. म्या उंबरठ्यावर पाय ठेवला.

"थांबा बाई."

बशीर मिस्त्री खाली बसला होता. हातातल्या थापीनं कोबा ठोकून पाहून राह्यला होता. कडेले टणटण वाजे, अन् मधात ढबढब. त्यानं थापी खाली ठेवली.

"मुखरूभाऊ, या बाईनं कुटलं नाई. कुटल्यावर वरतून खड्डा पडते, हा तं खालून बसला. इथी तुमची जुनी चूल होती. तिच्या खालची राख म्या उपसलीच नाई, घाई केली. दोष माहा आहे. माह्यापायी कोणाच्या सुनेले घराबाहेर काढलं, तं मी अल्लाले काय तोंड दाखवू?"

"नाई!" मी ओरडली. "म्याच कुटलं! मुसळ गोठ्यात आहे, पाहून घ्या!"

मिस्त्री माह्याकडे पाहून राह्यला अन् त्याचे डोळे भरून आले. "पाहा, मुखरूभाऊ. माही मजुरी बुडू नाई म्हणून ही बाई आळ आपल्यावर घेऊन राह्यली. अशी सून तुम्हाले दिवा घेऊन शोधली तरी मिळणार नाई."

म्या त्याले डोळ्यानं खुणावलं, मान हलवली, हात जोडले. तो जास्तच रडाले लागला. चांगला माणूस होता हो बशीर मिस्त्री. चांगल्या माणसानं मले जेवढं मारलं, तेवढं कोण्या वाईटानं मारलं नाई.

मामाजी पुढं आले. माह्या हातातलं गाठोडं त्याईनं स्वतः घेतलं अन् घरात नेऊन ठेवलं. परत आले तं डोळे पुसत होते. "सुनबाई, मी चुकलो. गावासमोर सांगतो, मी चुकलो." बायांनी माह्या पाठीवर हात फिरवला. कोणी म्हणालं, "लक्ष्मी आहे, लक्ष्मी."

"मामाजी," म्या म्हटलं, "कोबा तं फुटलाच आहे. आता तरी मले मायकडे जाऊ द्या."

"आता कसं जाशीन?" मामाजी लाडानं म्हणाले. "नवा कोबा घालणार. त्याले महिनाभर पाणी माराव लागते. हो ना, मिस्त्री?"

"मारावच लागते," मिस्त्री म्हणाला, "नाई तं पुन्हा तडकते. अन् मुखरूभाऊ, यावेळी राख पुरी उपसतो. जुने साल धरत नाई मी. ग्यारंटी नव्यानं. आजपासून दहा साल."

लोकाईनं वाहवा केली. मामाजीनं मिस्त्रीले मिठीच मारली. "अन् राखाले ही आहेच," म्हणाले, "इच्यावाणी राखण कोण करीन?"

आंगणात सोमाजी बैल जुंपून उभे होते. एका हातात कासरा, अन् तोंडावर काई समजलं नाई तसा भाव. त्याईनं बापाकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. लग्न झाल्यापासून पह्यल्यांदा त्याईनं मले काई इचारलं.

"मंग, सोडू का बैल?"

माह्या मायचा डोळा काई दहा साल थांबणार नव्हता, पण गावानं लक्ष्मी केलेली बाई आता वेशीबाहेर जाईन कशी?

"सोडा," म्या म्हटलं.