आईवर लावलेले स्पीकर

दिनानाथचे पत्र आले तेव्हा दत्तात्रेय म्हात्रे कागदाचा लगदा मळत होते. हात भरलेले, म्हणून त्यांनी ते खिडकीत ठेवायला सांगितले. संध्याकाळी वाचले आणि पुन्हा तिथेच ठेवून दिले. करोनाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. उत्तर लिहायचे राहून गेले, असे ते पुढे स्वतःशी म्हणत. राहून गेले नव्हते, लिहिले नव्हते.

पेणहून रोहा असे कितीसे लांब, सख्ख्या भावाने पत्र कशाला पाठवावे, असे कोणी म्हणेल. पण दत्तात्रेय फोनवर बोलत नसत. फोनमधून माणसाचा अर्धाच आवाज येतो आणि उरलेला आपण मनाने भरून घेतो, ही एकमेकांची फसवणूक आहे, असे त्यांचे मत होते. दिनानाथला ते ठाऊक होते, म्हणून त्याने लिहिले होते: "दादा, आई टेपवर कमी होत चाललीय. स्पीकरात चूक नाय, टेप झिजतेय. तिची कॉपी करून मूळ टेप जपून ठेव. एक कॉपी मला दे. तिला ऐकून लय वर्षं झाली."

म्हात्र्यांचे घर गणपतीच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. शेजारी मूर्तींसाठी जो लगदा मळतात, त्याच जातीचा लगदा चाळून, सावलीत वाळवून दत्तात्रेय स्पीकरचे कोन, म्हणजे आतले आवाज काढणारे कागदी पडदे, करीत. पेट्या रोह्याला दिनानाथ करायचा, जुन्या घरांचे सागवान शोधून आणून. वर्षाला मोजक्या जोड्या निघत आणि पुण्या-बंगळुरूची शौकीन माणसे त्यांच्यासाठी थांबून राहत.

ती माणसे थांबत, कारण म्हात्र्यांची जोडी आईवर लावलेली असे. दोघांची आई, पुतळीबाई, धरमतरच्या खाडीकडच्या गावातली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात विधी लावणारी, धवला गाणारी बाई. एरवी मिठागरात कामाला. दत्तात्रेय मुंबईत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होते, तेव्हा त्यांनी एकदा मालकाचा स्पूलचा टेपरेकॉर्डर गावी आणला आणि ओसरीवर तिचा आवाज भरून घेतला. धवल्याच्या दोन ओळी, हातातल्या बांगड्या, मग लहानग्या दिनूला हाक, "इकरं ये, भात खाल्लास का नाय?" आणि मशीनकडे बघून हसणे. त्याच पावसाळ्यात ती गेली.

जोडी तयार झाली की दत्तात्रेय तो स्पूल लावीत आणि डोळे मिटून बसत. आई समोर उभी राहिली पाहिजे. राहिली नाही, तर आतला कापूस बदल, कोनाची कड खरवड, पुन्हा स्पूल लाव. ती उभी राहीपर्यंत जोडी उंबरा ओलांडत नसे. घरचा नियमच होता तो.

टेप मात्र दर वेळी थोडी झिजत होती. बारीक आणि टोकदार आवाज आधी जातो, तशा बांगड्या मंद होत गेल्या. दत्तात्रेयांना वाटे जोडीतच काही कमी आहे. मग ते स्पीकर जरा धारदार करीत, पुढच्या वेळी आणखी जरा. दिनानाथने हेच लिहिले होते. दत्तात्रेयांनी त्याचा अर्थ असा घेतला की, दादाचे कान गेले असे याला म्हणायचे आहे. भांडण झाले नाही. फक्त पेट्यांची ऑर्डर रोह्याला जायची थांबली, पेणच्याच सुताराकडे जाऊ लागली. दिनानाथ पन्नाशीला टेकला असताना धाटावला एका केमिकल कंपनीत कंत्राटी शिफ्टवर लागला.

यंदा एकामागून एक तीन जोड्या परत आल्या.

"पुण्याचे डॉक्टर म्हणतात, गाणारी बाई तोंडात खिळे धरून गाते," हर्षद म्हणाला. हा दत्तात्रेयांचा मुलगा. जोडकाम आणि गिऱ्हाइके तो बघे.

"डॉक्टरला खोकला ऐकायची सवय. गाणं काय कळणार?"

"आधीचे दोघं डॉक्टर नव्हते, बाबा."

त्याने माइक लावून मोजणी केली आणि लॅपटॉप वडिलांपुढे सरकवला. वरच्या स्वरांकडे रेघ डोंगरासारखी चढली होती.

"डोंगर तुझ्या कॉम्प्युटरात आहे. माझ्यासमोर आई उभी राहते."

"टेपवर जे उरलं नाय ते तुम्ही स्पीकरात घालताय. काकाने लिहिलं होतं ना."

"तू वाचलंस ते?"

"खिडकीत उघडंच पडलं होतं, सगळ्यांनीच वाचलं."

हर्षद गेल्यावर दत्तात्रेयांनी परत आलेल्या जोडीवर दुसऱ्याच कुणाचे गाणे लावले. खिळे त्यांनाही ऐकू आले. त्यांनी ते अर्ध्यावर बंद केले आणि जेवायला उठले नाहीत.

त्याच आठवड्यात दिनानाथची मुलगी नमिता स्कूटरवरून आली. हेल्मेट हातात धरून दारातच उभी राहिली.

"चहा नको, मोठे बाबा. बाबांना घरी ऑक्सिजन लावलाय. आधी लाकडाचा भुसा, मग कंपनीतल्या वाफा. डॉक्टरांनी आशा सोडलीय."

दत्तात्रेय उभे राहिले.

"त्यांनी तुम्हाला बोलवलं नाय. तुमचं नावपण काढत नायत, खोटं कशाला सांगू. त्यांना आजीला ऐकायचंय. मी फोनवर भरून नेते, दोन मिनिटांचं काम."

"फोनवर नको," दत्तात्रेय म्हणाले. "तो तिला असा अर्धा नाही ऐकणार. उद्या मी येतो ही जोडी घेऊन. आता ती याच जोडीवर बोलते, दुसऱ्या कुठल्या नाही."

"बाबा, घेऊ दे ना तिला," हर्षद मध्ये बोलला.

"उद्या म्हटलं ना."

नमिताने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतले. "नक्की येणार असाल तर त्यांना सांगते. नायतर नाय सांगत. ते वाट बघत बसतील."

"सांग त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी काळुरामचा टेम्पो दारात लागला. हर्षदने गोधड्या आणल्या, एक पेटी गुंडाळली. दुसरीला हात घालणार तोच दत्तात्रेय म्हणाले, "थांब. एकदा ऐकून घेतो."

"तिथंच ऐकू की. टेप झडतेय, काल मशीनवर केवढी भुकटी होती."

"परत आलेला माल आहे. तिथं जाऊन काही बिघाड निघाला तर काय दुरुस्त करणार? न ऐकता या घरातून कधी काही गेलेलं नाही."

"बाबा, हे गिऱ्हाईक नाय."

"म्हणूनच," दत्तात्रेय म्हणाले.

हर्षदने गुंडाळलेल्या पेटीची गोधडी सोडली. काळुराम दारातून डोकावून म्हणाला, "आजीचा इंटरव्ह्यू चाललाय का? गाडी गेटात आडवी हाय."

स्पूल फिरू लागला. पहिली ओळ आली, स्वच्छ, आणि आई खरोखरच समोर उभी राहिली. दुसरी ओळ सुरू होताच टेप मशीनच्या हेडला, जिथे ती घासत जाते तिथे, चिकटू लागली. किंचाळल्यासारखा आवाज झाला. दत्तात्रेयांनी बटणाकडे हात नेला आणि तसाच धरला, कारण आता हाक यायची होती. हाक आली नाही. खरखर आली, मग तीही गेली. स्पूल मात्र फिरतच होता. हर्षदने मशीन बंद केले. हेडवर टेपवरून खरवडलेल्या चॉकलेटी भुकटीचा थर बसला होता. त्याने टेप बोटावर घेऊन उजेडात धरली, तर तिच्यातून आरपार पलीकडचा टेम्पो दिसला.

मग हर्षदने बाहेर जाऊन काळुरामला परत पाठवले.

अकराच्या सुमारास नमिताचा फोन आला. हर्षद अंगणात बोलत होता. "नाय गो, निघालो नाय... नाय, येऊन काय करणार? ...त्यांना आत्ताच काय सांगू नको." पलीकडे ती काय बोलली ते दत्तात्रेयांना ऐकू आले नाही.

त्यांनी चपला घातल्या आणि चालत पोस्टात जाऊन आंतर्देशीय पत्र घेतले. बाकावर बसून लिहिले:

"चि. दिनू, तुझे पत्र मिळाले होते. तू लिहिलेस ते खरे होते. कॉपी मी केली नाही. आज तुझ्याकडे निघताना आईला एकदा लावले आणि त्यात ती संपली. आता माझ्याकडे काही नाही. टेपवर होते ते लिहून पाठवतो."

पहिली ओळ त्यांनी लिहिली. दुसरीपाशी पेन थांबले. बांगडी कुठे वाजते, श्वास कुठे घेते, 'स' कुठे कापरा होतो, सगळे आठवत होते. शब्द आठवत नव्हते. इतकी वर्षे त्यांनी त्या ओळीतला आवाजच तपासला होता. त्यांनी पहिल्या ओळीपासून मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले, पण पुढे नुसता आवाज येई.

ती जागा त्यांनी कोरी सोडली. खाली भाताचे विचारणे लिहिले, हसणे लिहिले. मग लिहिले, "दुसरी ओळ तुला येत असेल तर नमिताला सांग, ती लिहून घेईल."

हर्षद मागोमाग येऊन पोस्टाच्या दारात उभा होता. "बाबा, हे पोचायला तीन-चार दिवस लागतील. काका..." त्याने वाक्य पुरे केले नाही. "मी गाडी काढतो. हातात नेऊन देऊ."

"त्याच्यासमोर मी काय घेऊन उभा राहू?" दत्तात्रेय म्हणाले.

त्यांनी कडा चिकटवल्या, पत्ता लिहिला आणि बाहेर येऊन पत्र लाल पेटीत टाकले.